शंभर सत्तावीस

बरक्याच्या बर्फ कारखान्यातून कुरुविलाचा फोन,
आठवड्यात दुसरा:
संगणकाला ताप आलाय, या.
रुवीहून निघालो साडेसातला,
पोचलो तोवर स्टिअरिंग हातात धरवेना.
आत मात्र हर्णैच्या जेटीचा वास,
मीठ, माशाचं पाणी, भिजकं गोणपाट.

पडद्यावर लाल आकडा: १२७.
वर जाईना, खाली येईना.
कुरुविला त्याच्याकडे बघतोय
आयसीयूच्या काचेतून बघावं तसं.
म्हटलं, साहेब, ताप चढतो, उतरतो, घाम काढतो.
हा तर ढिम्म आहे.
एवढ्या तापात हे यंत्र केव्हाच वारलं असतं.
बोर्डावर तापमापीची ही जागा आहे,
तिला तार कुणी जोडलीच नाही.
मग जमेल तेवढा मोठा आकडा
ती ओरडत बसलीय.

पुढे सापडले दोन वैद्य एकाच नाडीवर.
एक प्रोग्राम गेल्या इंजिनियरने टाकलेला,
एक त्याच्याही आधीच्याने.
हा विचारतो तोवर तो मनगट हिसकावतो,
ह्याचं उत्तर त्याच्या तोंडात.
एकाला काढलं, तर दुसऱ्याचा ड्रायव्हर अडलेला;
अँटीव्हायरसला पहारेकरीच चोर वाटला होता.
समजूत काढता काढता दोन सुलेमानी झाले.

पंखा: शून्य फेरे.
कान लावला तर फिरत होता बिचारा.
पिवळी तार तुटलेली.
दोन तारा फिरण्यासाठी,
तिसरी फक्त फिरतोय हे कळवण्यासाठी.
आठवलं, आईला फोन करून वीस दिवस झाले.
डाग दिला. अकराशे ऐंशी फेरे.

आता खरं दुखणं: रोज दुपारी बंद पडतो.
दर दहा सेकंदांची नोंद उघडली, सहा आठवड्यांची.
बारा चाळीसला रेघ उठते,
अठ्ठ्याण्णवला पोचते, आणि यंत्र डोळे मिटतं.
जूनच्या आधी नाही.
शुक्रवारी नाही.
कुरुविला म्हणाला, ऊन.
म्हटलं, उन्हाला शुक्रवारची सुट्टी असते?

तो जेवायला गेला.
मी कपाटाआड स्टुलावर बसून राहिलो.
साडेबाराला भोंगा झाला, उन्हातलं काम थांबलं.
थोड्या वेळाने अनिसुर आला,
लाद्या उचलणारा, नोआखालीचा.
मी त्याला दिसलो नाही.
त्याने ओला सदरा झटकला,
संगणकाच्या पाठीवर पसरला,
गरम हवा येते नेमका तिथेच,
दोन्ही बाह्या सारख्या केल्या,
आणि फरशीवर आडवा झाला.
मिनिटभरात घोरू लागला.

एकसष्ट. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर.

ब्याऐंशीला मी सदरा उचलला.
तो ताडकन उठला, काही न बोलता
तसाच ओला अंगात घालू लागला.
थांब म्हटलं.
मग मोडक्या हिंदीत म्हणाला:
बाहेर वाळतो, पण वाळूसकट वाळतो.
दिवसभर पाठ सोलते.
दुसरा सदरा फाटला, नवा दिवाळीनंतर.
ईदनंतर म्हणाला असेल;
मी माझ्या कानाने ऐकलं.

कॉम्प्रेसरच्या खोलीत, गरम नळीच्या वर,
माझ्या पेटीतली उरलेली केबल
दोन खिळ्यांना ताणून बांधली.
वाकून पाहिली, सदऱ्याचं वजन पेलेल.

कुरुविलाला कागद हवा होता, मस्कतला पाठवायला.
लिहिलं, कारण: धूळ.
खोटं नव्हे, मूठभर काढलीच होती,
मऊ, पिठासारखी, आत एक माशाचं खवलं.
उपाय: सफाई, नवी पेस्ट, तार.
आठ रियाल. केबलचे लावले नाहीत.

आणि तो १२७?
तो नको म्हणाला, बघवत नाही.
सेटिंगमध्ये जाऊन मी ती ओळ लपवली.
पडदा हिरवागार झाला, कुरुविला हसला.
आत ती जागा ओरडतेच आहे.